८९ डॉलरचा संगणक आणि मिनेसोटातला लवाद

४ एप्रिल २००३, शुक्रवार. डेल कंपनीच्या कॅनडासाठीच्या इंग्रजी संकेतस्थळावर अ‍ॅक्सिम एक्स५ नावाच्या, तळहातावर मावणाऱ्या संगणकाची किंमत दिसत होती ८९ डॉलर. फोनमध्ये सगळं काही येण्याआधीचा हा काळ. पत्ते, भेटींच्या वेळा, टिपणं यासाठी लोक खिशातला संगणक वेगळा विकत घेत. या संगणकाची खरी किंमत होती ३७९ डॉलर. त्याच्या जरा वेगवान भावंडाची ५४९ होती, तिथे दिसत होते ११८. (सगळे डॉलर कॅनडाचे.) आकडे भरताना कुठेतरी चूक झाली होती.

अशी बातमी पसरायला वेळ लागत नाही. त्या शनिवार-रविवारी एकट्या क्यूबेक प्रांतातल्या ३५४ ग्राहकांनी मिळून ५०९ अ‍ॅक्सिम मागवले. एरवी सुटीच्या दोन दिवसांत तिथे एक ते तीन खपायचे.

५ तारखेला झालेली चूक डेलला कळली. कंपनीने नेहमीच्या वाटेने त्या पानांवर जाण्याचा रस्ता बंद केला, पण पानं मात्र साइटवर तशीच राहू दिली. दुकानाच्या पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं, असा प्रकार. ७ तारखेला एका ग्राहकाने पानाचा थेट पत्ता वापरून त्या मागच्या दाराने आत शिरून ८९ डॉलरला एक अ‍ॅक्सिम मागवला. त्यानंतर थोड्याच वेळात डेलने दुरुस्तीची सूचना लावली आणि ८९ व ११८ डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या करणार नाही असं जाहीर केलं. ग्राहकाने लेखी मागणी केली, कंपनीने नकार दिला.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून बहुतेकांची सहानुभूती कंपनीकडेच झुकेल. माझीही थोडी झुकते. चुकीची किंमत आहे हे कळत असताना बंद केलेल्या पानाचा पत्ता शोधून काढणं आणि मग ‘दिलेला शब्द पाळा’ म्हणणं, यात साळसूदपणा कमी आणि हुशारी जास्त आहे. पण हे प्रकरण पुढे चार वर्षं चाललं आणि कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, ते किमतीवरून नव्हे. किमतीचा प्रश्न त्या न्यायालयापुढे आलाच नाही. वाद होता तो भांडण कुठे भांडायचं यावर. ऑनलाइन करारातली सगळ्यात कमी वाचली जाणारी आणि ग्राहकाला सगळ्यात महागात पडणारी अट हीच असते, असं माझं मत या प्रकरणामुळेच बनलं. म्हणून ते सविस्तर मांडतो.

पानाच्या तळाशी असलेली लिंक

ऑर्डरच्या पानावर खालच्या बाजूला बारीक अक्षरांत विक्रीच्या अटींची एक लिंक होती. तिच्यावर टिचकी मारली की अटींचं पान उघडायचं. त्या पानावर लवादाचं, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी पंचाकडे नेण्याचं, कलम होतं. ग्राहकाचा डेलशी कोणताही वाद झाला तर तो नॅशनल आर्बिट्रेशन फोरम या संस्थेच्या लवादाकडेच जाईल, निर्णय अंतिम आणि बंधनकारक असेल, आणि लवाद त्या एका ग्राहकापुरता व डेलपुरताच मर्यादित राहील, असा त्याचा आशय. संस्थेचे नियम हवे असतील तर तिच्या संकेतस्थळावर जाऊन पाहा. संस्था होती अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात.

आता ग्राहकाच्या बाजूने हिशेब करून पाहू. एका अ‍ॅक्सिममागे फरक २९० डॉलरचा, वेगवान मॉडेल असेल तर ४३१ चा. एवढ्यासाठी परदेशी संस्थेकडे अर्ज करायचा, तिचे नियम समजून घ्यायचे, फी भरायची, शक्य झालं तर वकील लावायचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शहाणा माणूस २९० डॉलर सोडून देईल आणि पुन्हा त्या कंपनीकडून काही घेणार नाही, इतकंच.

अशा लहान लहान नुकसानींसाठी क्यूबेकच्या कायद्यात समूह दाव्याची सोय आहे. एक संस्था किंवा एक ग्राहक सगळ्यांच्या वतीने न्यायालयाची परवानगी मागतो, आणि परवानगी मिळाली की शेकडो लोकांचं म्हणणं एका दाव्यात ऐकलं जातं. इथे ते काम यूनियन दे कोन्सोमातर या मॉंट्रियलच्या ग्राहक संघटनेने हाती घेतलं. आपल्याकडे मुंबई ग्राहक पंचायत जशी एखाद्याच्या तक्रारीमागे उभी राहते, तसंच काहीसं.

डेलचं उत्तर सरळ होतं. करारात लवादाचं कलम आहे, ग्राहकाने ते मान्य केलंय, तेव्हा न्यायालयाने हात आखडता घ्यावा आणि ज्याला जे काय म्हणायचंय ते त्याने लवादापुढे एकेकट्याने म्हणावं.

पैशांकडे पाहिलं तर हे सगळं जरा विचित्र वाटतं. ५०९ च्या ५०९ संगणक स्वस्त मॉडेलचे धरले तर एकूण फरक १,४७,६१० डॉलर होतो, सगळे महागडे धरले तर २,१९,३७९. खरा आकडा यांच्या मधला कुठलातरी. डेलसारख्या कंपनीला ही रक्कम किरकोळ. तरी ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. माझा अंदाज असा की तिला संगणक वाचवायचे नव्हते, कलम वाचवायचं होतं. ते कलम प्रत्येक गिऱ्हाइकाच्या करारात होतं. एकदा का न्यायालयाने ते मोडीत काढलं असतं, तर पुढचा समूह दावा कदाचित ५०९ संगणकांचा राहिला नसता.

खालच्या दोन न्यायालयांनी दोन वेगळी दारं उघडली

क्यूबेकचा दिवाणी कायदा फ्रेंच परंपरेतला आहे, संहितेच्या कलमांनी चालतो. इथे दोन कलमं महत्त्वाची. ३१४९ वं कलम म्हणतं की क्यूबेकमध्ये राहणाऱ्या ग्राहकाच्या कराराचा वाद क्यूबेकच्या न्यायालयात चालू शकतो, आणि हा हक्क ग्राहकाने करारात सोडून दिला असला तरी ती सोडचिठ्ठी त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. दुसरं १४३५ वं. करारात एखादी अट थेट लिहिलेली नसून तिचा फक्त उल्लेख असेल, म्हणजे ती कराराबाहेरच्या कागदात असेल, तर ग्राहकाच्या करारात ती रद्द ठरते. करार करताना ती ग्राहकाच्या मुद्दाम नजरेस आणून दिली होती, किंवा त्याला ती एरवीच ठाऊक होती, असं दाखवता आलं तरच टिकते.

वरिष्ठ न्यायालयाने पहिलं दार उघडलं. लवादसंस्था अमेरिकेतली, म्हणजे ग्राहकाला परक्या व्यवस्थेकडे ढकललंय, ३१४९ नुसार हे चालणार नाही. समूह दाव्याला परवानगी.

२००५ साली अपील न्यायालयाने परवानगी कायम ठेवली, पण कारण बदललं. परक्या व्यवस्थेचा मुद्दा त्याला पटला नाही. त्याने १४३५ वं कलम लावलं. लवादाची अट कराराच्या पानावर नव्हती, लिंकमागे होती. नियम तर आणखी एका लिंकमागे. ग्राहकाच्या ती नजरेस आणून दिलेली नव्हती. म्हणून ‘बाहेरची’ आणि म्हणून रद्द.

मला स्वतःला हे दुसरं कारण पहिल्यापासूनच कच्चं वाटत आलंय. ते ऐकायला ग्राहकाच्या बाजूचं वाटतं, पण उद्या कंपनीने लिंक मोठ्या अक्षरांत केली, पानाच्या वर आणली, चौकटीत खूण करायला लावली, तर? कलम तेच, लवाद तोच, मिनेसोटा तेच. फक्त अक्षरांचा आकार वाढला म्हणून ते न्याय्य झालं का?

सर्वोच्च न्यायालय

सुनावणी १३ डिसेंबर २००६ रोजी झाली, निकाल १३ जुलै २००७ रोजी लागला. डेल जिंकली. नऊपैकी सहा न्यायाधीश एका बाजूला, तीन दुसऱ्या. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती मारी देशां यांनी लिहिला.

लिंकबद्दल बहुमताने जे म्हटलं ते आज वाचताना फारसं खटकत नाही. वेबपान म्हणजे कागदाचा एक तुकडा नव्हे. खाली सरकवत वाचायचं, टिचकी मारून पुढे जायचं, हीच तिथे वाचायची रीत. एका टिचकीवर अटी समोर येत असतील तर त्या बाहेरच्या म्हणता येणार नाहीत. कसोटी एवढीच की अट वाजवी खटपटीत सापडायला हवी. कोपऱ्यात दडवून ठेवली, पाच पानांमागे पुरली, तर गोष्ट वेगळी. इथे लिंक होती आणि ती थेट अटींकडे जात होती. १४३५ वं कलम इथे लागू होत नाही.

आणखी एक तत्त्व या निकालाने पक्कं केलं. लवादाला अधिकार आहे की नाही, हा प्रश्न आला तर तो आधी लवादानेच ठरवायचा. न्यायालयाने मध्ये पडायचं ते फक्त निव्वळ कायद्याचा मुद्दा असेल तर, किंवा कागदपत्रांवर वरवर नजर टाकून उत्तर मिळत असेल तर. लवादाच्या जगात हे तत्त्व जुनं आहे आणि दोन तोलामोलाच्या कंपन्या भांडत असतील तर त्यात गैर काही नाही. पण २९० डॉलरच्या ग्राहकाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो पाहा. लवाद मला बांधील आहे का, हे विचारायलासुद्धा आधी त्या लवादाचाच दरवाजा ठोठावायचा.

खरी मेख ३१४९ व्या कलमाच्या वाचनात होती. बहुमत म्हणालं, हे कलम परदेशाशी संबंध असलेल्या वादांसाठी आहे. लवादाला देश नसतो. तो दोन पक्षांच्या संमतीतून जन्मतो, कोणत्याही देशाच्या न्यायव्यवस्थेचा भाग नसतो. त्यामुळे लवादाचं कलम करारात आहे एवढ्यावरून परदेशाशी संबंध जुळला असं होत नाही. म्हणजे ते कलम या ग्राहकाच्या मदतीला येत नाही.

न्यायमूर्ती बास्तराश आणि लेबेल यांनी विरोधी मत लिहिलं, न्यायमूर्ती फिश त्यांच्याबरोबर होते. लिंकच्या भानगडीत तेही फारसे अडकले नाहीत. त्यांचं बोट ३१४९ वरच होतं. कागदावर लवादाला देश नसेल, पण या लवादसंस्थेचा पत्ता अमेरिकेचा, तिच्या नियमावलीत आधार अमेरिकेच्या लवाद कायद्याचा. क्यूबेकमधल्या ग्राहकाच्या दृष्टीने हे परक्याच्या दारात जाणंच झालं, आणि कायद्याने नेमकं त्यापासूनच त्याला वाचवलंय.

मला विरोधी मत जास्त पटतं. कायद्याची कारागिरी बहुमताची सरस असेलही. पण ‘लवादाला देश नसतो’ हे वाक्य वकिलांच्या परिषदेत शोभतं. ज्याला फी भरायची असते त्याला देश दिसतो, चलन दिसतं, भाषा दिसते. संमतीबद्दलही तेच. दोन जहाज कंपन्या महिनाभर घासाघीस करून लवादाची जागा ठरवतात, ती संमती. पानाच्या तळाच्या लिंकमागे कंपनीने एकटीने लिहून ठेवलेलं कलम न वाचता ग्राहक पुढे गेला, तीही संमतीच. दोन्हींना एकच शब्द वापरला की अर्धी लढाई कंपनीने तिथेच जिंकलेली असते.

आणि मग कायदा आला, एक दिवस उशिरा

या प्रकरणातली सगळ्यात हुरहुर लावणारी तारीख १४ डिसेंबर २००६. म्हणजे सुनावणीचा दुसरा दिवस. त्या दिवशी क्यूबेकच्या ग्राहक संरक्षण कायद्यात नवं कलम लागू झालं, ११.१. ग्राहकाला वाद लवादाकडे न्यायला भाग पाडणारी, न्यायालयात जायचा त्याचा हक्क रोखणारी, किंवा समूह दाव्यात सामील व्हायला मनाई करणारी अट घालायला बंदी. वाद झाल्यानंतर ग्राहकाला स्वतःहून वाटलं की लवादच बरा, तर त्याने खुशाल जावं. आधीपासून बांधून घालायचं नाही, एवढंच.

किती नेमकं लिहिलंय हे कलम. त्यात अक्षरांचा आकार नाही, लिंक कुठे असावी हे नाही, ग्राहकाने वाचलं की नाही हे नाही. अट वाचून, समजून, राजीखुशीने मान्य केली असली तरी ती चालणार नाही. ग्राहकाची निवड भांडणानंतर, भांडणाआधी नव्हे.

साहजिकच न्यायालयापुढे प्रश्न आला: हे नवं कलम चालू खटल्याला लावायचं का? बहुमत म्हणालं, नाही. कायद्यात पूर्वलक्षी परिणामाची तरतूद नाही आणि या प्रकरणातल्या घटना त्याआधीच घडून गेल्या होत्या. म्हणजे वरातीमागून घोडं. त्या ३५४ जणांना ज्या गोष्टीची गरज होती ती गोष्ट कायद्याने दिली, फक्त त्यांच्यानंतरच्या लोकांना. ऑन्टारिओ प्रांताने असंच बंधन आपल्या ग्राहक कायद्यात त्याआधीच घातलं होतं. त्यामुळे हीच चूक डेलने पुढे कधी पुन्हा केली असती, तर कॅनडाच्या या दोन सर्वांत मोठ्या प्रांतांत तिला लवादाच्या कलमामागे लपता आलं नसतं.

मिनेसोटातल्या त्या लवादसंस्थेचं पुढे काय झालं, हेही सांगायला हवं. जुलै २००९ मध्ये मिनेसोटाच्या महाधिवक्ता लोरी स्वान्सन यांनी तिच्यावर दावा लावला. आरोप असा की ग्राहकांची आणि कंपन्यांची भांडणं निःपक्षपणे सोडवतो म्हणणाऱ्या या संस्थेचे कर्जवसुलीच्या धंद्यातल्या मंडळींशी पैशाचे संबंध होते आणि ते लोकांपासून लपवले गेले. आरोप न्यायालयात तावून सुलाखून निघायची वेळ आली नाही. काही दिवसांतच तडजोड झाली आणि संस्थेने ग्राहकांचे लवाद घेणं बंद करायचं मान्य केलं. ज्या दारात डेलच्या ग्राहकाला दोन वर्षांपूर्वी पाठवलं होतं, ते दारच बंद झालं. सर्वोच्च न्यायालयाला २००७ मध्ये हे कळणं शक्य नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. पण कंपनीने निवडलेल्या पंचाला पंच म्हणायचं की नाही, हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता.

त्याच न्यायालयाने १३ वर्षांनी, जून २०२० मध्ये, उबरच्या एका प्रकरणात वेगळा सूर लावला. तिथे तक्रारदार ग्राहक नव्हता, टोरांटोत खाणं पोचवणारा चालक होता. अ‍ॅपवर ‘मान्य आहे’ दाबल्यामुळे त्याच्यावर नेदरलँड्समधला लवाद बंधनकारक झाला होता आणि तो सुरू करायलाच अमेरिकेचे १४,५०० डॉलर लागणार होते. त्याच्या वर्षाच्या कमाईचा बहुतेक भाग त्यातच गेला असता. नऊपैकी आठ न्यायाधीशांनी ते कलम निकामी ठरवलं. लवादाच्या अधिकाराचा प्रश्न आधी लवादाने ठरवायचा, या तत्त्वालाही त्यांनी अपवाद केला: लवादापर्यंत पोचणंच परवडत नसेल तर तो प्रश्न तिथे कधी ठरणारच नाही. डेलच्या निकालात जे वाक्य मला हवं होतं ते साधारण हेच.

आपल्याकडे काय झालं असतं

हाच ग्राहक महाराष्ट्रात असता तर? प्रश्न काल्पनिक आहे, पण पूर्ण हवेतला नाही. डिसेंबर २०१४ मध्ये ओडिशातल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याला अ‍ॅमेझॉनवर २३,४९९ रुपयांचा लॅपटॉप १९० रुपयांना दिसला. त्याने मागवला, नंतर कंपनीने ऑर्डर रद्द केली. तो जिल्हा ग्राहक मंचात गेला, तिथे मिळालेली भरपाई अपुरी वाटली म्हणून राज्य आयोगात गेला. २०२१ मध्ये राज्य आयोगाने भरपाई, दंड आणि खर्च मिळून ४५,००० रुपये द्यायला सांगितले. आपण फक्त विकणारा आणि घेणारा यांच्यातला मंच आहोत, हा कंपनीचा बचाव टिकला नाही.

किमतीबाबत हा निकाल बरोबर की चूक, यावर मी वाद घालायला तयार आहे. १९० रुपयांचा लॅपटॉप पाहून कुणालाही शंका यावी. भारतीय करार कायद्याचं २२ वं कलम म्हणतं की एका पक्षाची चूक झाली एवढ्यानेच करार रद्द करण्याजोगा ठरत नाही. पण समोरच्याला ती चूक उघड दिसत असेल तेव्हा काय, हे इतक्या सरळ सुटत नाही. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की त्या विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकलं गेलं, त्याच्या राज्यात, एका फोरमपुढे, आणि निकाल लागला. सहा वर्षं लागली हे खरं. डेलच्या ग्राहकाला चार वर्षांनी एवढंच समजलं की त्याने दुसरीकडे जायचंय.

आपल्या कायद्यात याची तजवीज दोन ठिकाणी आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या ३४ व्या कलमानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. १९८६ च्या कायद्यात हे नव्हतं. तिथे विरुद्ध पक्ष कुठे आहे किंवा वादाचं कारण कुठे घडलं ते पाहायचे. आणि तेव्हा ऑनलाइन खरेदीचं कारण नेमकं ‘कुठे’ घडलं यावरच पहिल्या तीन तारखा जायच्या. आता परभणीच्या माणसाने बंगळूरच्या कंपनीविरुद्ध परभणीत तक्रार करावी. अटींच्या पानावर ‘वाद फक्त बंगळूरच्या न्यायालयात’ असं लिहिलेलं असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अर्ज संगणकावरून भरता येतो.

दुसरी तजवीज लवादाची. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या घरखरेदीच्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाच्या मोठ्या पीठाने १३ जुलै २०१७ रोजी ठरवलं की करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाला तक्रार ऐकता येते. (तारीख पाहा: डेलच्या निकालाला त्या दिवशी बरोबर दहा वर्षं झाली होती. निव्वळ योगायोग.) सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१८ रोजी ते कायम केलं. ग्राहकाला लवादाकडे जायचं असेल तर जावं, पण कंपनी त्याला ओढून नेऊ शकत नाही. क्यूबेकने कलम लिहून जे केलं ते आपल्याकडे निकालातून झालं. समूह दाव्यासारखी सोयही ३५ व्या कलमात आहे. एकाच हिताच्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकाला आयोगाच्या परवानगीने तक्रार करता येते. ती वापरली मात्र कमी जाते, आणि जाते तेव्हा बहुधा इमारतींच्या प्रकरणांत.

अक्षरं, चौकटी, लिंक यांचे नियमही आपल्याकडे आलेत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीचे तेरा प्रकार बेकायदा ठरवले. टोपलीत गुपचूप एखादी वस्तू टाकणं, वर्गणी बंद करायची वाट चक्रव्यूहासारखी करणं, शेवटच्या पानावर किंमत वाढवणं वगैरे. चांगलंच आहे. पण हे सगळं अपील न्यायालयाच्या त्या १४३५ व्या कलमाच्या वळणाचं: ग्राहकाला नीट दाखवलं का, फसवून ‘हो’ म्हणवलं का. नीट दाखवून, मोठ्या अक्षरांत, ढळढळीत अन्याय केला तर?

त्यासाठी २०१९ च्या कायद्यात ‘अन्यायकारक करार’ अशी वेगळी व्याख्या आहे. अवाजवी अनामत, नुकसानीच्या मानाने भलताच दंड, कर्ज मुदतीआधी फेडू न देणं, कारण न देता एकतर्फी करार मोडणं, संमतीशिवाय करार तिसऱ्याच्या गळ्यात घालणं, आणि ग्राहकाला तोट्यात टाकणारी कोणतीही अवाजवी अट. शेवटचा प्रकार किती रुंद आहे पाहा. आयोग अशी अट रद्दबातल ठरवू शकतो.

फक्त, कोणता आयोग? इथे कायद्याने एक चमत्कारिक गाठ मारून ठेवलीय. अन्यायकारक कराराच्या तक्रारी ऐकायचा अधिकार राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिलाय, जिल्हा आयोगाला दिलेला नाही. व्यवहार दीड हजारांच्या वर्गणीचा का असेना. वस्तू खराब निघाली, सेवा नीट मिळाली नाही, तर परभणीच्या ग्राहकाने परभणीत जावं. पण ‘ही अटच अन्यायकारक आहे, रद्द करा’ असं म्हणायचं असेल तर त्याने मुंबईत मुख्यालय असलेल्या राज्य आयोगाकडे जावं. क्यूबेक ते मिनेसोटा एवढं हे अंतर नाही, शिवाय व्हिडिओवरून सुनावणी मागता येते. तरीही दीड हजारासाठी ही वाट किती जण धरतील?

म्हणून जाणते वकील तक्रार लिहिताना ‘अन्यायकारक करार’ हे शब्द टाळतात. तीच अट ते ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणून मांडतात, सोबत सेवेतली त्रुटी जोडतात आणि पैसे परत मागतात. म्हणजे तक्रार जिल्ह्यातच राहते. ग्राहकाला पैसे मिळतात. अट मात्र पुढच्या ग्राहकासाठी त्या पानावर तशीच असते.